एनपीएसमधला शासनाचा 14 टक्के हिस्सा: कोणाला मिळतो, खाते कसे उघडायचे आणि रक्कम जमा झाली नाही तर काय करायचे

1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर महाराष्ट्र राज्य शासनाच्या सेवेत लागलेल्यांच्या पगारातून राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेसाठी (एनपीएस) दरमहा 10 टक्के अंशदान कापले जाते. ही कपात पगारपत्रकात दिसते, म्हणून ती सगळ्यांच्या लक्षात असते. शासनाने तुमच्या नावावर त्याहून मोठी रक्कम भरायची असते, तिच्याकडे मात्र फार थोडे जण बघतात. हा शासन हिस्सा आधी 10 टक्के होता, 1 एप्रिल 2019 पासून तो 14 टक्के झाला.

टक्केवारी मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेवर धरतात. घरभाडे भत्ता त्यात येत नाही. बेरीज 60,000 रुपये असेल तर तुमचे 6,000 आणि शासनाचे 8,400, म्हणजे महिन्याला 14,400 रुपये खात्यात जायला हवेत. आठ महिन्यांचा शासन हिस्सा अडकला तर 67,200 रुपये बाहेर राहतात. शिवाय ही रक्कम बाजारात गुंतवली जाते, त्यामुळे जितका उशीर, तितका त्या काळातला परतावाही हातचा जातो. हा हिस्सा तुमच्या मोबदल्याचाच भाग आहे, त्याची विचारणा करताना संकोच बाळगू नये.

राज्य शासनाच्या कार्यालयांबरोबरच जिल्हा परिषदांचे कर्मचारी आणि अनुदानित शाळा-महाविद्यालयांतले शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारीही या योजनेत येतात. कंत्राटी आणि मानधनावरच्या नेमणुका यात येत नाहीत.

रुजू झाल्यावर पहिले काम म्हणजे प्रान, म्हणजेच कायम निवृत्तिवेतन खाते क्रमांक काढणे. तो 12 अंकी असतो आणि बदली झाली, विभाग किंवा नोकरी बदलली तरी तोच राहतो. नोंदणीचा अर्ज कार्यालयातल्या आस्थापना लिपिकाकडे मिळतो. सोबत फोटो, नियुक्ती आदेश, पॅन, आधार, जन्मतारखेचा पुरावा आणि बँक पासबुकाचे पहिले पान किंवा रद्द केलेला धनादेश जोडावा. अर्जावर आहरण व संवितरण अधिकाऱ्याची, म्हणजे कार्यालयाची पगाराची देयके काढणाऱ्या अधिकाऱ्याची सही लागते, म्हणून तो परस्पर पाठवून चालत नाही. नाव आणि जन्मतारीख पॅन, आधार व सेवापुस्तकात तंतोतंत एकच आहे ना, हे अर्ज देण्याआधी पाहावे. वडिलांच्या नावातला एखादा अक्षरबदल पुढे पैसे काढताना फार त्रास देतो. नामनिर्देशनाचा रकाना रिकामा सोडू नये आणि लग्नानंतर ते बदलून घ्यावे. या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाले की त्याचा भार कर्मचाऱ्याच्या मागे राहिलेल्या घरच्यांवर पडतो.

प्रान मिळाला की तो वेतनप्रणालीत, म्हणजे सेवार्थ किंवा शालार्थमध्ये नोंदवला जायला हवा. त्यानंतर कपात आणि शासन हिस्सा देयकासोबत कोषागारामार्फत मध्यवर्ती अभिलेख यंत्रणेकडे, म्हणजे एनपीएस खात्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे जातो, रक्कम विश्वस्त बँकेत पोचते आणि तिथून पेन्शन फंडात गुंतवली जाते. या साखळीत एका ठिकाणी जरी प्रान चुकला किंवा तपशील जुळला नाही, तरी रक्कम तुमच्या खात्यावर दिसत नाही.

तुमच्या एनपीएस खात्याचे व्यवहार विवरणपत्र या यंत्रणेच्या संकेतस्थळावरून किंवा मोबाइल ॲपवरून काढता येते. त्यात कर्मचारी अंशदान आणि शासन अंशदान वेगवेगळ्या रकान्यांत असते. वर्षातून एकदा तरी पगारपत्रके शेजारी ठेवून महिना-महिना ताडून पाहा. बदली झालेला महिना, जिल्हा बदललेला काळ, महागाई भत्त्याची थकबाकी, पुरवणी देयक, निलंबन किंवा बिनपगारी रजेनंतरचा पगार या जागा विशेष तपासा. खंड बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

खंड दिसला तर आहरण व संवितरण अधिकाऱ्याच्या नावे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात प्रान, गहाळ महिने, प्रत्येक महिन्याची अपेक्षित रक्कम लिहा. पगारपत्रकांच्या आणि विवरणपत्राच्या प्रती जोडा. उशिराबद्दलच्या व्याजाची मागणीही त्याच अर्जात करा. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठीच्या 2021 च्या नियमांत, कर्मचाऱ्याचा दोष नसताना झालेल्या उशिरावर व्याज देण्याची तरतूद आहे, तिचा आधार घेता येतो. तोंडी आश्वासनावर थांबू नका, कारण अधिकारी बदलला की आश्वासनही त्याच्याबरोबर जाते. कार्यालयाकडून दाद मिळाली नाही तर मध्यवर्ती अभिलेख यंत्रणेच्या तक्रार विभागात नोंद करा. तिथे टोकन क्रमांक मिळतो. पुढे एनपीएस ट्रस्ट आणि त्यानंतर लोकपालाकडे जाता येते.

प्राप्तिकराच्या बाबतीत एक खबरदारी. शासन हिस्सा आधी पगाराच्या उत्पन्नात मिळवला जातो आणि मग वेतनाच्या 14 टक्के मर्यादेपर्यंत वजा होतो. ही वजावट जुन्या आणि नव्या दोन्ही करप्रणालींत मिळते. फॉर्म 16 मध्ये रक्कम मिळवलेलीच नसेल, तर प्राप्तिकर विवरणपत्र भरताना ती नुसती वजा करू नका, आधी कार्यालयाकडून फॉर्म दुरुस्त करून घ्या.

नोकरीत असताना अंशतः पैसे काढायचे झाले तर मर्यादा फक्त तुमच्या स्वतःच्या अंशदानाच्या 25 टक्के आहे, शासन हिश्शाला हात लावता येत नाही. नियत वयोमानाने निवृत्त होताना साठलेल्या एकूण रकमेपैकी 60 टक्क्यांपर्यंत एकरकमी मिळते आणि किमान 40 टक्क्यांतून वार्षिकी, म्हणजे मासिक पेन्शन देणारी विमा कंपनीची योजना घ्यावी लागते. या साठलेल्या रकमेत शासन हिश्शाचा प्रत्येक महिना धरलेला असतो. म्हणून निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरली असतील, तर सुरुवातीपासूनची सगळी विवरणपत्रे आत्ताच काढून तपासायला घ्या. जुन्या डीसीपीएस (परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना) काळातली रक्कम व्याजासह एनपीएस खात्यात वर्ग झाली का, हे त्यात आधी पाहा.