जकात गेली आणि मंदी उशिरा कळू लागली

मंदीचे वर्ष असो वा तेजीचे, नगरपालिकेचे अंदाजपत्रक बहुधा 'शिल्लकी'च मांडले जाते. हे कसे जमते याचा माग काढताना १९९९ शी थांबावे लागते. त्याआधीचे थोडक्यात: व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावाने स्थानिक स्वराज्याची दिशा आखली, आणि पुढे महाराष्ट्रातल्या शहरांचा गाडा प्रामुख्याने जकातीवर, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरच्या करावर, चालला.

जकात नाक्यावर रोख जमा व्हायची. बाजार थंडावला की मालाच्या गाड्या कमी यायच्या आणि ते रोजच्या भरण्यात लगेच दिसायचे. त्यामुळे डांबरीकरणासारखी कामे वेळीच पुढे ढकलता यायची. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात रद्द झाली. नाक्यांवरचा खोळंबा, चिरीमिरी, व्यापाऱ्यांचा रोष ही कारणे खोटी नव्हती. पण बदल्यात मिळाले ते राज्य सरकारचे सहायक अनुदान, आणि वाद आहे तो इथेच. उत्पन्नाचा हक्काचा स्रोत गेला आणि दर महिन्याला मंत्रालयाकडे डोळे लावून बसणे नशिबी आले. हे अनुदान मुख्यतः पगारातच संपते, ते लांबले की पगारही लांबतात. नाक्यावरची लूट थांबली म्हणून या निर्णयाचे कौतुक करणारे ही दुसरी बाजू सहसा सांगत नाहीत.

महापालिकांची वाट वेगळी. २०१० पासून टप्प्याटप्प्याने जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला. २०१५ मध्ये ५० कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना त्यातून वगळले गेले. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर महापालिकांच्या बुडालेल्या उत्पन्नाच्या भरपाईचा कायदा झाला आणि तीत दरवर्षी ८ टक्के वाढ लिहून दिली गेली. बाजार पडला तरी आकडा चढाच.

मग मंदी आधी जाणवते कुठे? बांधकाम परवानगीच्या विकास शुल्कात, आणि मग मालमत्ता करात. या कराच्या वसुलीची खरी धावपळ मार्चमध्ये असते: जप्तीच्या नोटिसा, नळ तोडण्याची ताकीद, सुट्टीच्या दिवशीही उघडी भरणा केंद्रे. २०२० मध्ये नेमक्या याच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात टाळेबंदी लागली. पुढच्या वर्षाची बरीच अंदाजपत्रके तोवर मंजूर झालेली होती. मे महिन्यात राज्याने स्वतःच्या विकासखर्चाला ३३ टक्क्यांची मर्यादा घातली आणि नवी कामे थांबवली. राज्याच्या निधीवर आखलेली शहरांतली कामेही त्याबरोबर अडकली. पंधराव्या वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून मिळणारा, पैसा येत होता, पण त्यातला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला. पगाराला तो चालत नाही.

वसूल न झालेला कर मात्र कागदावरून जात नाही. पुढच्या वर्षी तो 'मागील बाकी' म्हणून जमेच्या बाजूला पुन्हा उभा राहतो. जितकी वसुली कमी, तितकी ही बाकी मोठी. आणि ती सगळी येणारच असे धरले की शिल्लकही दाखवता येते.