ब्लूज-न्वार

ब्लूज-न्वार : अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतावर पोसलेली काळोख्या धाटणीची गुन्हेकथा. खुनी सापडला तरी या कथेत घडी पूर्ववत बसत नाही. शोध घेणारा स्वतःच कर्जात, दारूत किंवा जुन्या अपराधात रुतलेला असतो. पात्रे गिटार वाजवतात एवढ्यावरून कथा या प्रकारात मोडत नाही. कथेची चाल, तिची बोली आणि बहुधा गुन्ह्याचे कारणही ब्लूजच्या जगातून यावे लागते.

ब्लूजच्या गाण्यांत गुन्हा कादंबरीच्या कितीतरी आधी आला. 25 डिसेंबर 1895 रोजी सेंट लुइसच्या एका दारूच्या गुत्त्यात ली शेल्टनने बिली लायन्सला गोळी घातली. वाद टोपीवरून विकोपाला गेला होता. त्यावरचे गाणे गावोगाव बदलत गेले. मिसिसिपी जॉन हर्टने 1928 मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या पाठात मारेकरी फासावर जातो. प्रत्यक्षात शेल्टन 1912 मध्ये तुरुंगात क्षयाने वारला. घडलेले आणि गायले गेलेले यांतले हे अंतर या कथांना खाद्य पुरवते.

ब्लूजचा सर्वांत रूढ साचा बारा बारचा, म्हणजे तालाच्या बारा खंडांचा. प्रत्येक बारमध्ये चार ठोके, म्हणजे एका आवर्तनात 48. पहिले चार बार सा-वर आधारलेला स्वरसंघात (एकत्र वाजणारे स्वर), पाचवा-सहावा म-वर, सातवा-आठवा पुन्हा सा-वर, नववा प-वर, दहावा म-वर आणि शेवटचे दोन सा-वर. पुढच्या कडव्याकडे वळण्यासाठी बाराव्यात अनेकदा प येतो. साथीत शुद्ध गंधार वाजत असताना गायक कोमल आणि शुद्ध यांच्या मधला गंधार लावतो. ब्लूजचा सल त्या घर्षणात आहे. ओळी तीन: पहिली, तीच पुन्हा, मग तिला उत्तर देणारी तिसरी. ओळ आपले चार बार भरून टाकत नाही. उरलेल्या जागेत गिटार बोलते.

जाणता लेखक हा साचा जबानीला लावतो. साक्षीदार एकच हकिगत दोनदा सांगतो आणि तिसऱ्या वेळी तिचा परिणाम समोर येतो. मात्र दुसऱ्या वेळी शब्द तेच असले तरी वाचकाला मधल्या काळात काहीतरी नवे कळलेले असले पाहिजे, नाहीतर पुनरुक्ती नुसती रेंगाळते. गाण्यात ते काम बदललेला स्वरसंघात करतो. गद्यात ते प्रसंगाने करावे लागते.

गुन्ह्याची कारणे शोधायला दूर जावे लागत नाही. मिसिसिपी राज्यात दारूबंदी 1966 पर्यंत टिकली. त्यामुळे कापूसमळ्यांलगतच्या ज्यूक जॉइंटमध्ये, म्हणजे नाच, जुगार आणि चोरटी दारू एकत्र मिळणाऱ्या खोपटात, शेरीफचा, म्हणजे स्थानिक पोलीसप्रमुखाचा, हप्ता ठरलेला असे. 1930 मध्ये आल्याच्या औषधी अर्कात ट्रायऑर्थोक्रेसिल फॉस्फेट हे विषारी रसायन मिसळल्याने तो नशेसाठी पिणाऱ्या हजारोंचे पाय लुळे पडले. त्या व्याधीवर तेव्हाच ब्लूज रचले गेले. ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात फसवणूक उघडपणे चाले. दहा इंची, मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. गायकाला बहुधा एकरकमी पैसे देऊन वाटेला लावत आणि गाण्याचे हक्क कंपनीच्या वा मध्यस्थाच्या नावे जात. हरवलेली तबकडी किंवा चोरलेले हक्क हा हेतू या कथांत म्हणूनच पटतो.

ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनचे प्रकरण तर तयार कथानकच. नोव्हेंबर 1936 आणि जून 1937 या दोन सत्रांत 29 गाणी ध्वनिमुद्रित करून तो 16 ऑगस्ट 1938 रोजी मिसिसिपीतल्या ग्रीनवुडजवळ मरण पावला. मृत्यूच्या दाखल्यात कारणाच्या जागी डॉक्टर नव्हता एवढीच नोंद आहे. विषप्रयोगाची गोष्ट सर्वतोमुखी आहे, सिद्ध झालेली नाही. त्याने चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकल्याची कथा टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच गायकाबद्दलही सांगितली जाते. ती आता इतकी वापरली गेली आहे की नव्या लेखकाने तिला हात न लावलेला बरा.

चेस्टर हाइम्स (1909–84) या परंपरेचा मोठा आधार. सशस्त्र दरोड्याबद्दल ओहायोच्या तुरुंगात सुमारे साडेसात वर्षे काढून तो पुढे पॅरिसला गेला आणि गालिमार प्रकाशनाच्या ‘सेरी न्वार’ या मालेसाठी न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतल्या दोन कृष्णवर्णीय पोलिसांच्या कादंबऱ्या त्याने लिहिल्या. 1958 मध्ये त्याला फ्रान्सचा गुन्हेसाहित्याचा मोठा पुरस्कार मिळाला. वॉल्टर मोस्लीचा ईझी रॉलिन्स 1990 मध्ये अवतरला. 1948 च्या लॉस एंजेलिसमध्ये घराचा हप्ता भरण्यासाठी तो शोधाचे काम पत्करतो. जेम्स सॅलिसचा न्यू ऑर्लिन्सवासी शोधकर्ता ल्यू ग्रिफिन 1992 मधला. एस अॅटकिन्सने 1998 मध्ये ब्लूजच्या इतिहासकारालाच शोधकर्ता केले.

या प्रकारात काळ आणि ध्वनी यांची गल्लत सर्रास होते. 1930 च्या दशकातल्या वीज नसलेल्या खेड्यात अॅम्प्लिफायर घुमतो. मडी वॉटर्ससारखा वादकसुद्धा 1943 मध्ये शिकागोला गेल्यानंतरच विजेच्या गिटारीकडे वळला. धुरकट क्लबातला सॅक्सोफोन बहुतेकदा जॅझचा असतो. उच्चार दाखवण्यासाठी शब्दांची स्पेलिंगे मोडली की पात्राचे व्यंगचित्र होते. वाक्याची लय आणि अर्धवट सोडलेले बोलणे तेच काम अधिक चोख करतात. गाण्यांच्या ओळी छापायच्या तर हक्क कोणाकडे आहेत ते पाहून परवानगी घ्यावी लागते. स्वतः तीन ओळींचे कडवे रचणे सोयीचे, आणि पात्राच्या तोंडी तेच अधिक शोभते.