मॉरिशस : दारिद्र्य व दारिद्र्यनिवारण

हिंदी महासागरातील मॉरिशस या सुमारे २,०४० चौ. किमी. क्षेत्रफळाच्या बेटराष्ट्रातील गरिबी आणि ती हटविण्याचे प्रयत्न. १९६८ मध्ये ब्रिटिशांकडून स्वतंत्र झालेल्या या देशाच्या निर्यातीत तेव्हा साखरेचा वाटा ९० टक्क्यांहून अधिक होता.

गरिबीचे मूळ मळ्यांच्या व्यवस्थेत आहे. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांवर भारतातून करारबद्ध मजूर येऊ लागले. विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत त्यांची संख्या साडेचार लाखांच्या आसपास गेली. मुंबई बंदरातून गेलेले मराठी मजूरही त्यांत होते. ऊसतोडीचा हंगाम साधारणतः जून ते डिसेंबर. उरलेल्या महिन्यांत, म्हणजे स्थानिक बोलीतील ‘आंत्रकूप’मध्ये, काम तुटपुंजे. या काळात गावातला दुकानदार, जो बहुधा चिनी असे, तांदूळ, डाळ, तेल उधारीवर देई. गिऱ्हाइकाच्या नावाची ‘कार्ने’ ही छोटी वही त्याच्याकडे असे आणि हंगामाच्या मजुरीतून ती चुकती होई. मजुरांच्या बेटावरील जिण्याचा हिशेब या वहीत जितका सापडतो, तितका सरकारी अहवालांत सापडत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर हिवतापाचा बीमोड झाला, मृत्युदर घसरला आणि लोकसंख्या झपाट्याने वाढू लागली. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जेम्स मीड (पुढे १९७७ चे नोबेल मानकरी) यांच्या १९६१ च्या अहवालाने बेटाचे भवितव्य निराशाजनक ठरविले. प्रत्यक्षात साधारणतः १९७० ते १९९० या काळात मॉरिशसने मध्यम उत्पन्नाच्या देशांत स्थान मिळविले.

हे कशामुळे घडले, यावर अभ्यासकांत एकमत नाही. सॅक्स व वॉर्नर या अर्थतज्ज्ञांनी श्रेय व्यापारी खुलेपणाला दिले. परंतु आयात शुल्के १९९० च्या दशकापर्यंत चढीच होती, त्यामुळे हे मत जसेच्या तसे टिकत नाही. अर्थतज्ज्ञ रॉड्रिक यांच्या मते १९७० च्या कायद्याने सुरू झालेले निर्यात प्रक्रिया क्षेत्र हीच खरी युक्ती होती : देशी उद्योगांचे संरक्षण न काढता निर्यातीसाठी वेगळी वाट काढली गेली आणि कापड-कपड्यांच्या कारखान्यांत प्रामुख्याने स्त्रियांना रोजगार मिळाला. अरविंद सुब्रमणियन व देवेश रॉय (२००१) यांनी सशक्त संस्थांवर भर दिला. युरोपीय बाजारपेठेतील साखरेच्या सवलतींचाही त्यांनी विचार केला. १९७५ च्या साखर करारान्वये दरवर्षी सुमारे पाच लाख टनांचा कोटा बहुतेक वर्षे जागतिक भावाहून बऱ्याच चढ्या दराने विकला जाई. हे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते, मात्र त्यानेही सर्व वाढीचा उलगडा होत नाही.

सामाजिक तरतुदींपैकी काही या उद्योगपर्वाच्या आधीच्या आहेत, ही बाब पुष्कळदा दुर्लक्षिली जाते. वार्धक्यवेतन १९५० मध्ये सुरू झाले व १९५८ च्या सुमारास त्यातील उत्पन्नाची अट काढण्यात आली. २००४ मध्ये अट पुन्हा लागू झाली, ती सत्तांतरानंतर २००५ मध्ये रद्द झाली. माध्यमिक शिक्षण १९७७ पासून मोफत आहे. तांदूळ व पीठ यांवर सरकार अनुदान देते.

२००४ अखेर कापड व्यापारातील बहुतंतू कराराच्या काळापासूनचे आयात-कोटे संपले, तर २००९ मध्ये साखर करार. दोन्हींचा फटका कमी शिकलेल्या कामगारांना बसला. राष्ट्रीय किमान वेतन जानेवारी २०१८ मध्ये लागू झाले. सर्वांत गरीब कुटुंबांसाठी सामाजिक नोंदवही व तीवर आधारित मासिक साहाय्य २०१६ च्या कायद्यापासून आहे. जागतिक बँकेने २०२० मध्ये देशाला उच्च उत्पन्न गटात घातले, पण कोविड साथीनंतर २०२१ मध्ये तो पुन्हा त्याखालच्या, उच्च मध्यम उत्पन्न गटात गेला.

समृद्धी सर्वांपर्यंत सारखी पोचली नाही. गुलामांचे वंशज असलेल्या क्रेओल समाजातील वंचितता १९९३ मध्ये फादर रॉजर सर्व्हो यांनी ‘मालेझ क्रेओल’ (क्रेओल अस्वस्थता) या शब्दांत मांडली. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया या गायकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाल्यावर उसळलेल्या दंगलींमागेही तीच होती, असे अनेकांचे मत आहे. १९६० च्या कॅरोल चक्रीवादळानंतर उभारलेल्या ‘सिते’ वसाहतींतील ॲस्बेस्टॉसच्या घरांत क्रेओल समाजातील पुष्कळ कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहिली. पोर्ट लुईच्या रोश ब्वा व कासीस भागांत चागोस बेटांवरून १९६८–७३ दरम्यान हुसकावलेले लोकही येऊन पडले. त्यांच्या पुनर्वसनात फार दिरंगाई झाली आणि तो अन्याय आजही पुरता निवारलेला नाही. २००२ पासून स्वायत्त असलेल्या रॉड्रिग्ज बेटावर गरिबीचे प्रमाण मुख्य बेटापेक्षा बरेच अधिक आहे.