दोन राज्यांच्या मतदार यादीत नाव असेल तर: जिवतीच्या सीमागावांसाठी अर्ज, कागदपत्रे आणि दाखले

चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात पहाडावर परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर, भोलापठार, लेंडीगुडा अशी चौदा गावे आहेत. महाराष्ट्र आणि तेलंगणा ही दोन्ही राज्ये त्यांना आपली म्हणतात. जिवती पूर्वी ज्यात होता तो राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला आला. वाद मिटला नाही, म्हणून एका गावाला दोन सरपंच, दोन शाळा आणि दोन रेशन दुकाने झाली. महाराजगुड्यात तर सीमारेषा एका राहत्या घरातूनच जाते. बऱ्याच घरांत प्रत्येक माणसाची दोन मतदान कार्डे आहेत: एक महाराष्ट्राच्या राजुरा विधानसभेचे (मतदारसंघ क्र. ७०), दुसरे तेलंगणाच्या आसिफाबादचे (क्र. ५).

हा लोकांचा गुन्हा नाही. दोन्हीकडचे कर्मचारी दारात आले आणि नाव लिहून घेऊन गेले. पण कायद्यात दोन नावांना जागा नाही, आणि त्याचा फटका शेवटी मतदारालाच बसतो. म्हणून हे काम एकदा नीट समजून घ्यावे.

कायदा काय सांगतो

लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० चे कलम १७ एका माणसाला एकाच मतदारसंघात नोंदणीची परवानगी देते. कलम १८ नुसार त्याच मतदारसंघातही नाव एकदाच हवे. अर्जात खोटी माहिती दिली तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. १९५१ च्या अधिनियमाचे कलम ६२ आणखी कडक आहे. एकाच प्रकारच्या सार्वत्रिक निवडणुकीत दोन मतदारसंघांत मत दिले, तर दोन्ही मते बाद होतात. म्हणजे दोनदा मत देणाऱ्याचे एकही मत धरले जात नाही.

२०२४ च्या लोकसभेला चंद्रपूरचे मतदान १९ एप्रिलला झाले आणि आसिफाबाद ज्यात येते त्या आदिलाबादचे १३ मे रोजी. मधे चोवीस दिवस होते. शाई फिकी पडली असेल असे कोणी समजू नये. मतदान अधिकारी डाव्या हाताची तर्जनी बघतो, आणि तिच्यावर आधीची खूण दिसली तर नियमाप्रमाणे मत देऊ देत नाही.

आधी आपली बाजू ठरवा

इतर गावांत राहते घर कोणत्या राज्यात आहे हा प्रश्नच येत नाही. इथे मात्र तेच घर दोन्ही याद्यांत आहे. तेव्हा कोणते नाव ठेवायचे हे घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून ठरवावे, आणि नवरा-बायको एकाच बाजूला राहतील असे पाहावे. बाकीची कागदपत्रे ज्या राज्याची आहेत तीच बाजू धरणे सोपे जाते: आधारवरचा पत्ता, मुलांची शाळा, ग्रामपंचायतीची घरपट्टी, बँकेचे पासबुक.

यात जातीचा दाखला सगळ्यांत नाजूक आहे. बंजारा समाज तेलंगणात लंबाडा म्हणून अनुसूचित जमातीत येतो, तर महाराष्ट्रात विमुक्त जाती (अ) मध्ये. एकाच घरातल्या एका मुलाचा दाखला एका राज्याचा आणि दुसऱ्याचा दुसऱ्या राज्याचा असला, तर जात पडताळणीत हा फरक नेमका बाहेर येतो. महाराष्ट्रात विमुक्त जातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा राज्यातल्या वास्तव्याचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५० आहे, तर इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. पहाडावरची पुष्कळ कुटुंबे मराठवाड्यातून आली आहेत, त्यामुळे हा पुरावा जिवतीत सापडत नाही. आजोबांच्या मूळ गावची शाळेची प्रवेश-निर्गम नोंद, खासरा पत्रक किंवा महसुली नोंद काढावी लागते. त्या तहसीलला हेलपाटे पडतात. म्हणून निवडणूक किंवा प्रवेश तोंडावर येण्याची वाट पाहू नये.

मतदान कार्ड गेले तर रेशन किंवा निराधारची पेन्शन बंद होईल, ही भीती गावागावांत आहे. मतदान कार्ड हा रेशनच्या पात्रतेचा निकष नाही. तिथे आधार जोडणी पाहतात. यादीतून नाव वगळल्याने रेशनकार्ड आपोआप रद्द होत नाही.

कोणता नमुना भरायचा

सर्वांत जास्त चुका इथेच होतात. सेतू केंद्रात गेले की बहुतेक वेळा नमुना ६ भरून दिला जातो, कारण त्यांच्या हाताला त्याचीच सवय असते. नमुना ६ फक्त पहिल्यांदा नाव लावणाऱ्यासाठी आहे. ‘माझे नाव दुसऱ्या कोणत्याही मतदारसंघात नाही’ असे प्रतिज्ञापन त्यात सही करून द्यावे लागते. आसिफाबादच्या यादीत नाव असताना राजुऱ्यासाठी नमुना ६ भरणे म्हणजे खोट्या प्रतिज्ञापनावर सही करणे.

नाव फक्त तेलंगणाकडे आहे आणि महाराष्ट्राकडे आणायचे आहे, तर नमुना ८ भरावा. त्यात ‘निवासस्थान बदल’ हा पर्याय निवडून ‘विधानसभा मतदारसंघाबाहेर’ यावर खूण करावी आणि जुन्या कार्डाचा क्रमांक अचूक लिहावा. अर्ज नव्या जागेच्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे जातो, राजुऱ्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्याकडे. तहसीलदार हे सहायक नोंदणी अधिकारी असतात, म्हणून जिवती तहसीलमध्येही अर्ज देता येतो. मंजुरीनंतर जुन्या ठिकाणचे नाव वगळले जाते, आणि कार्डाचा क्रमांक तोच राहून पत्ता बदलतो.

दोन वेगवेगळ्या क्रमांकांची दोन कार्डे असतील तर नमुना ८ चा उपयोग नाही. जे नाव सोडायचे आहे त्या यादीसाठी नमुना ७ भरावा, स्वतःचे नाव स्वतः वगळण्यासाठी तो चालतो. कारण म्हणून ‘आधीच दुसरीकडे नोंद आहे’ यावर खूण करावी आणि जे कार्ड ठेवायचे त्याचा क्रमांक सोबत द्यावा. तेलंगणाकडचे नाव सोडायचे असेल तर अर्ज आसिफाबादच्या अधिकाऱ्याकडे जातो. निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा संकेतस्थळावरून तो घरबसल्या भरता येतो, त्यासाठी तेलुगू येण्याची गरज नाही.

नमुना ७ भरण्याआधी दोन्ही नोंदी संकेतस्थळावर शोधून त्यांची छापील प्रत काढून ठेवा: यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक, कार्ड क्रमांक. दुबार नावांची तपासणी संगणकावर नाव-वय आणि फोटो, दोन्हींवरून होते. तेलुगू यादीत नाव वेगळे लिहिले गेले असले, वडिलांच्या नावात फरक असला, तरी फोटो जुळतो. इकडून तुम्ही एक नाव वगळायला दिले आणि तिकडून तपासणीत दुसऱ्यावर हरकत निघाली, तर दोन्ही याद्यांतून नाव जाण्याचा धोका असतो. छापील प्रत आणि अर्जाचा संदर्भ क्रमांक हाताशी असला की सुनावणीत बाजू मांडता येते. सुनावणीची नोटीस आली की जावेच. न गेल्यास अधिकारी समोर असलेल्या कागदांवर निर्णय देतो.

कागदपत्रे

पत्त्यासाठी यांपैकी एक पुरे: आधार, बँक किंवा पोस्टाचे पासबुक, वीज किंवा पाणी बिल, महसूल खात्याचा जमिनीचा उतारा, नोंदणीकृत भाडेकरार. बिल किमान एक वर्षापासून त्या पत्त्यावर येत असले पाहिजे. कागद अर्जदाराच्या नावाचा नसला तर त्याच पत्त्यावर नोंद असलेल्या आई-वडिलांचा किंवा जोडीदाराचा चालतो. पहाडावर बरीच शेती वनजमिनीवर आहे, त्यामुळे सातबारा अनेकांकडे नाही. काहीच नसेल तर बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) घरी येऊन पाहणी करतो. केवळ कागद नाही म्हणून अर्ज नाकारता येत नाही.

वयासाठी जन्म दाखला, दहावीची गुणपत्रिका, आधार किंवा पॅन यांपैकी एक. अठरा वर्षे पूर्ण होण्याच्या वर्षात आता चार तारखा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेला मुलगा किंवा मुलगी आगाऊ अर्ज देऊ शकते.

अर्ज आल्यावर हरकतींसाठी सात दिवस ठेवतात, मग बीएलओची पाहणी. निर्णय पटला नाही तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते, त्यानंतर तीस दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. चौकशीसाठी १९५० या मतदार मदत क्रमांकाआधी त्या त्या जिल्ह्याचा एसटीडी कोड लावा. सीमेवर मोबाइल दुसऱ्या राज्याचे नेटवर्क पकडतो आणि फोन भलत्याच ठिकाणी जातो.

ग्रामपंचायतीची यादी वेगळी नसते

महाराष्ट्रात ग्रामपंचायत निवडणुकीसाठी स्वतंत्र मतदार नोंदणी होत नाही. राज्य निवडणूक आयोग एक तारीख ठरवतो, त्या दिवशीची विधानसभेची यादी घेतो आणि ती प्रभागांत फोडतो. प्रारूप यादीवर हरकत घ्यायची तर चुकीच्या प्रभागाबद्दल किंवा लेखनिकाच्या चुकीबद्दल. विधानसभेच्या यादीत नसलेले नाव त्या वेळी घालता येत नाही. सरपंचाची निवडणूक जाहीर झाल्यावर नमुना ६ घेऊन धावणाऱ्यांची इथेच निराशा होते. ग्रामसभेत बसण्याचा हक्कही याच यादीवरून मिळतो.

जन्माची नोंद आणि माहितीचा अर्ज

बाळाचा जन्म जिथे झाला तिथेच नोंद होते, आई-वडिलांचे गाव कोणतेही असो. बाळंतपण तेलंगणातल्या दवाखान्यात झाले असेल तर दाखला तिथलाच निघणार. तो संपूर्ण देशात चालतो, तेच बाळ इकडे पुन्हा नोंदवू नये. २१ दिवसांत नोंद विनाशुल्क होते आणि तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क लागते. त्यानंतर एक वर्षापर्यंत जिल्हा निबंधकाची लेखी परवानगी हवी. वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. घरी बाळंतपण झाले तर घरप्रमुखाने ग्रामसेवकाला लगेच कळवावे, दोन नोंदवह्यांच्या मधे नेमकी हीच नोंद राहून जाते.

ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा नमुना ८ (मतदार अर्जाचा नमुना ८ वेगळा), ग्रामसभेचे इतिवृत्त किंवा घरकुल यादीची प्रत मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज द्या. महाराष्ट्रात शुल्क १० रुपये आणि प्रत पानाला २ रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. तेलंगणात गावपातळीवर शुल्क नाही, मंडल (तिथला तालुका) कार्यालयात ५ रुपये आहे. तिकडे मराठीत अर्ज देऊ नका. कायद्याप्रमाणे अर्ज हिंदी, इंग्रजी किंवा तिथल्या राजभाषेत असावा लागतो, म्हणून हिंदीत लिहा आणि तारखेच्या शिक्क्यासह पोच घ्या.