माळव्यातील सोयाबीन व दुभत्याचे अर्थकारण

मध्य प्रदेशाच्या पश्चिमेकडील काळ्या मातीच्या पठाराला माळवा म्हणतात. इंदूर, उज्जैन, देवास, धार, शाजापूर, रतलाम, मंदसौर हे त्यातले ठळक जिल्हे. येथील शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो खरिपात सोयाबीनचा, रब्बीत गहू, हरभरा, बटाटा, लसूण यांचा आणि बारा महिने दुधाचा. इंदूर ही या साऱ्याची पेठ. सोयाबीन प्रक्रिया उद्योजकांची ‘सोपा’ ही संघटना (१९७९) आणि केंद्र सरकारची सोयाबीन संशोधन संस्था (१९८७) इंदुरातच आहेत. त्यामुळे लातूर-अकोल्याचा व्यापारीही सकाळी इंदूरचा भाव विचारतो.

सोयाबीन हे इथले परंपरागत पीक नव्हे. पावसाळ्यात ही भारी जमीन चिखलाने चालत नसे, म्हणून बरीचशी राने खरिपात पडीक ठेवून नंतर त्याच ओलीवर गहू-हरभरा घेत. १९७० नंतर या पडीक रानांत सोयाबीन शिरले आणि शेतकऱ्याला गव्हाआधी एक जादा पीक मिळाले. शंभर दिवसांच्या आसपास येणारे, रोख पैसा देणारे आणि गव्हाच्या पेरणीला रान मोकळे करून देणारे हे पीक ‘पीला सोना’ ठरले. १९९४ मध्ये आलेला जेएस ३३५ हा वाण माळवा, विदर्भ आणि मराठवाडा या तिन्हीकडे वर्षानुवर्षे घरचे बियाणे म्हणून राखला गेला.

या पिकाची आर्थिक गोम अशी की, त्याला तेलबिया म्हणत असले तरी त्यात तेल थोडेच. क्विंटलभर दाण्यातून १८ किलोच्या आसपास तेल निघते; बाकी बहुतेक सारी पेंड, व्यापाऱ्यांच्या भाषेत डीओसी. ही पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते आणि उरलेली निर्यात होते. म्हणजे माळव्यातल्या शेतकऱ्याचा भाव दुसऱ्याच्या कुक्कुटपालनावर आणि परदेशी बंदरांवर टांगलेला. भारतीय सोयाबीन जनुकीय बदल न केलेले आहे. काही गिऱ्हाइके त्यासाठी जादा मोजतात, पण अर्जेंटिना-ब्राझीलच्या स्वस्त पेंडीपुढे ते एरवी महागच पडते. शिवाय आपले सरासरी उत्पादन हेक्टरी एक टनाच्या आसपास, तर ब्राझील-अमेरिकेचे तीन टनांहून अधिक.

२०२१ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात मंडीत सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेले. कुक्कुटपालक ओरडू लागले. ऑगस्टमध्ये सरकारने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली आणि डिसेंबरात सोयाबीनचे वायदे (पुढच्या तारखेचे भाव आधीच ठरवणारे सौदे) बंद केले. पुढे भाव उतरत गेले. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये होता, पण आवक सुरू झाली तेव्हा मंडीतली बोली त्याच्या खालीच होती. सहा हजारांच्या मागणीसाठी शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले. २०२४ च्याच सप्टेंबरात कच्च्या खाद्यतेलावरचे आयात शुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर नेले होते. त्याचा लाभ तेलाला झाला, दाण्याला फारसा नाही, कारण दाण्यात पेंडच जास्त. मे २०२५ मध्ये ते शुल्क पुन्हा १६.५ टक्क्यांवर आले. २०२५-२६ साठी हमीभाव ५,३२८ झाला. मंडीतली तूट भरून काढायला राज्याने २०१७ ची भावांतर योजना पुन्हा काढली. या योजनेत माल सरकार घेत नाही. हमीभाव आणि मंडीचा सरासरी भाव यांतला फरक खात्यात जमा होतो. भाव पाडून घ्यायला व्यापारी मोकळाच राहतो, हा आक्षेप पहिल्या खेपेपासूनचा आहे आणि तो खोडून काढणे अवघड आहे.

रब्बीची बाजू त्या मानाने स्थिर. सरकारी खरेदीमुळे गव्हाला आधार आहे. पुण्या-मुंबईच्या वाण्याकडे ‘एमपी’च्या नावाने विकला जाणारा गहू याच भागातला, इंदूरच्या मराठी घरांतही लोकवन निवडून, ऊन देऊन वर्षाचा भरून ठेवण्याची रीत अजून पुरती मोडलेली नाही. दाल-बाटीला मात्र कठीण दाण्याचा माळवी गहूच हवा. अडचण पाण्याची आहे. ‘पग पग रोटी, डग डग नीर’ अशी माळव्याची ख्याती. ते नीर आता बोअरच्या तळाशी गेले आहे.

पीक आणि गोठा यांची सांगड इथे एके काळी अभ्यासाचाच विषय होती. होळकर राज्याने दिलेल्या जमिनीवर १९२४ मध्ये ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी वनस्पती उद्योग संस्था उभारली. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून खत करण्याची तिथली रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. या पद्धतीवरच्या हॉवर्ड यांच्या १९३१ च्या पुस्तकाचे सहलेखक यशवंत वाड होते, हे इंदूरच्या मराठी माणसांनाही क्वचितच ठाऊक असते.

ती सांगड आता सैल झाली आहे. सोयाबीन आले तशी ज्वारी हटली आणि ज्वारीबरोबर कडबाही गेला. सोयाबीनचे भूस जनावर नाइलाजाने खाते. ट्रॅक्टर आल्यावर माळवी बैलाचे काम संपले, हार्वेस्टर आल्यावर गव्हाचे काड रानातच उरले. इथे त्याला नरवाई म्हणतात आणि पुष्कळदा ती पेटवतात. वैरण मग विकत घ्यावी लागते. तरीही दूध टिकून आहे, कारण त्याचा पैसा आठवड्या-पंधरवड्याला येतो. दूध उत्पादनात मध्य प्रदेश देशात तिसरा आहे. ‘साँची’ या नावाने दूध विकणाऱ्या राज्याच्या सहकारी दूध महासंघाची व्यवस्था २०२५ मध्ये राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाकडे सोपवण्यात आली.

यापुढे लक्ष ठेवावे ते मक्यावर. पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलमुळे मक्याला मागणी आली आणि सोयाबीनवरच्या पिवळ्या मोझॅक रोगाला, चक्रभुंगा किडीला कंटाळलेले शेतकरी तिकडे वळू लागले. पण मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा प्रथिनयुक्त चोथा, म्हणजे डीडीजीएस, कोंबडीखाद्यात सोयापेंडीपेक्षा स्वस्त पडतो. सोयाबीन सोडून एकाने मका पेरला की शेजाऱ्याच्या सोयाबीनचा भाव आणखी थोडा खाली येतो.