कॅनडातील प्रांत-शहर सत्तासंघर्ष

कॅनडात प्रांतिक सरकारे आणि मोठ्या शहरांच्या महापालिका यांच्यात अधिकारांवरून जुनी ओढाताण आहे. निवडणुकीचे प्रभाग किती असावेत, रस्त्यावर सायकलमार्ग असावा की नाही, पोलीस कोणाचे असावेत, असे हे वाद असतात. शहरे न्यायालयात जातात, बहुतेक वेळा हरतात, आणि एखादा खटला जिंकला तरी प्रांताकडे पुढचा डाव शिल्लक असतो. या असमान लढतीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ऑन्टारिओ प्रांत आणि त्याची राजधानी टोरंटो.

वादाचे मूळ १८६७च्या संविधान कायद्यात आहे. त्याच्या कलम ९२ मधील आठव्या उपकलमाने ‘प्रांतातील नगरसंस्था’ हा विषय सर्वस्वी प्रांतिक विधिमंडळांच्या हाती दिला. महापालिकांबद्दल घटनेत आहे ते एवढेच. १८७१च्या जनगणनेत टोरंटोची वस्ती साठ हजारांच्या आत होती. २०२१च्या जनगणनेत ती २७,९४,३५६ भरली. शहर एवढे वाढले, पण घटनेतले त्याचे स्थान तसूभरही हलले नाही. भारतात १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने महापालिकांना निदान पाच वर्षांची मुदत आणि निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोग दिला. त्यानंतरही मुंबईच्या प्रभागांची संख्या २२७ वरून २३६ आणि पुन्हा २२७ झालेली मराठी वाचकाने पाहिली आहे. कॅनडातल्या शहरांना तर तेवढाही घटनात्मक आधार नाही. प्रांताने कायदा करून शहर घडवावे, जोडावे किंवा मोडावे, हे तिथे कायदेशीरच ठरते.

जोडण्याचा मोठा प्रयोग १९९८ साली झाला. ऑन्टारिओतील माइक हॅरिस यांच्या सरकारने टोरंटो, एटोबिको, यॉर्क, नॉर्थ यॉर्क, ईस्ट यॉर्क आणि स्कारबरो या सहा पालिका एक केल्या. आधीच्या वर्षी तिथल्या पालिकांनी घेतलेल्या सार्वमतात सुमारे तीन चतुर्थांश मते विलीनीकरणाच्या विरोधात पडली होती, पण ती सरकारवर बंधनकारक नव्हती. न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. माँट्रियल बेटावरील पालिका २००२ मध्ये क्वेबेक सरकारने अशाच एकत्र केल्या. तिथे मात्र सरकार बदलल्यावर २००४ मध्ये सार्वमत झाले आणि २००६ च्या आरंभी १५ पालिका पुन्हा वेगळ्या झाल्या. शहरांना हा दिलासा मिळाला तोही मतपेटीतून. न्यायालयाने त्यांना तो दिला नव्हता.

२०१८चा प्रसंग सविस्तर सांगायला हवा, कारण त्यात प्रांत, शहर आणि न्यायालय असे तिघेही समोरासमोर आले. टोरंटोने अनेक वर्षे अभ्यास आणि लोकांशी चर्चा करून प्रभागांची संख्या ४४ वरून ४७ केली होती. २२ ऑक्टोबरच्या निवडणुकीसाठी १ मेपासून अर्ज भरणे सुरू झाले. पाचशेहून अधिक उमेदवारांनी अर्ज भरले, देणग्या गोळा केल्या, पत्रके छापली, घरोघर हिंडणे सुरू केले. २७ जुलै हा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस. नेमक्या त्याच दिवशी नवे प्रीमियर डग फोर्ड यांनी जाहीर केले की प्रभाग ४७ नव्हे, २५ असतील. प्रीमियर म्हणजे प्रांताचा प्रमुख, आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा. फोर्ड स्वतः २०१० ते २०१४ या काळात याच महापालिकेत नगरसेवक होते, त्यांचे भाऊ रॉब फोर्ड महापौर होते, आणि २०१४ मध्ये डग फोर्ड महापौरपदाची निवडणूक जॉन टोरी यांच्याकडून हरले होते. जूनमधल्या प्रांतिक निवडणुकीच्या प्रचारात महापालिका अशी कापण्याचा विषय त्यांनी मतदारांपुढे मांडला नव्हता. १४ ऑगस्टला कायदा झाला, तेव्हा मतदानाला ६९ दिवस उरले होते.

१० सप्टेंबरला उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एडवर्ड बेलोबाबा यांनी हा कायदा रद्द ठरवला. निवडणूक ऐन रंगात असताना नियम बदलल्याने उमेदवारांच्या आणि मतदारांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला आला, असे त्यांचे म्हणणे होते. तत्त्वापेक्षा रागाच्या भरात हा कायदा केलेला दिसतो, असेही त्यांनी लिहिले. त्याच दिवशी फोर्ड यांनी आपण निवडून आलो आहोत आणि न्यायाधीश नेमलेले आहेत, असे सुनावले आणि घटनेचाच भाग असलेल्या हक्कांच्या सनदेतील कलम ३३ वापरण्याची घोषणा केली.

१९८२च्या सनदेत हे कलम आले ते प्रांतांच्या आग्रहावरून. ते वापरून विधिमंडळ सनदेतील काही हक्क बाजूला ठेवून पाच वर्षांपुरता कायदा लागू करू शकते आणि मुदत संपल्यावर तो पुन्हा करू शकते. ऑन्टारिओने ते तोवर कधीच वापरले नव्हते. १२ सप्टेंबरला विधेयक मांडले गेले तेव्हा विरोधी सदस्यांनी बाके बडवली आणि त्यांना बाहेर काढण्यात आले. प्रेक्षक सज्जातल्या काही वृद्ध नागरिकांच्या हातांत बेड्या पडल्या. १७ तारखेला मध्यरात्र उलटताच सभागृह पुन्हा भरले. एका शहराच्या नगरसेवकांची संख्या ठरवण्यासाठी अपरात्री विधानसभा बसवणे हे लोकशाहीला शोभणारे नव्हते. विधेयक मंजूर करण्याची वेळ मात्र आली नाही. १९ सप्टेंबरला अपील न्यायालयाने बेलोबाबांच्या निकालाला स्थगिती दिली आणि निवडणूक २५ प्रभागांतच झाली.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १ ऑक्टोबर २०२१ रोजी आला आणि शहर ५ विरुद्ध ४ असे हरले. बहुमताच्या मते कायद्याने कोणाचे तोंड बंद केले नव्हते. नव्या प्रभागांत प्रचाराला पुरेसा वेळ होता. लोकशाही हे घटनेचे अलिखित तत्त्व असले तरी केवळ त्याच्या आधारे कायदा रद्द करता येत नाही, असेही बहुमताने म्हटले. न्यायमूर्ती रोझाली अबेला यांनी लिहिलेले अल्पमत याच्या उलट होते: निवडणूक चालू असताना तिचा पाया हलवणे हाच अभिव्यक्तीवरचा आघात आहे. मला अल्पमत अधिक पटते. छापलेली पत्रके रद्दीत घालून, दुसऱ्याच मतदारांच्या दारी नव्याने उभे राहावे लागलेल्या उमेदवाराला आपले बोलणे अडवले गेले नाही, असे सांगणे कठीण आहे.

मतदानाचा हक्क सनदेच्या तिसऱ्या कलमात आहे आणि कलम ३३ त्याला हात लावू शकत नाही. २०२१ मध्ये ऑन्टारिओने कलम ३३ प्रथमच वापरून त्रयस्थ गटांच्या निवडणूक जाहिरातींवर मर्यादा घातल्या. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिसऱ्या कलमाखालीच रद्द केल्या. पण हे कलम फक्त केंद्राच्या आणि प्रांतांच्या निवडणुकांपुरते आहे. त्यात महापालिका येत नाहीत. टोरंटोचे वकील अभिव्यक्तीच्या कलमाचा आडमार्ग धरून गेले, याचे कारण हेच.

पैशांच्या बाबतीतही शहर प्रांताच्या मुठीत असते, आणि इथे पक्ष कोणता याने फारसा फरक पडत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये टोरंटोने गार्डिनर एक्स्प्रेसवे आणि डॉन व्हॅली पार्कवे या आपल्याच रस्त्यांवर टोल घेण्याचे ठरवले. पुढच्याच महिन्यात फोर्ड यांच्या विरोधातील लिबरल पक्षाच्या तेव्हाच्या प्रीमियर कॅथलीन विन यांनी परवानगी नाकारली. नोव्हेंबर २०२३ मध्ये फोर्ड आणि महापौर ऑलिव्हिया चाऊ यांच्यात समझोता झाला: दोन्ही रस्त्यांचा खर्च प्रांताने उचलायचा आणि ऑन्टारिओ प्लेस या तलावकाठच्या जागेच्या पुनर्विकासाला होणारा विरोध शहराने सोडायचा.

ब्रिटिश कोलंबियातील सरी शहराचा वाद पोलिसांचा होता. शहराचे नवे स्वतंत्र पोलीस दल नको, जुने केंद्रीय पोलीस दल आरसीएमपीच ठेवू, असे महापौर ब्रेंडा लॉक यांचे म्हणणे. प्रांताने उलट आदेश दिला. २०२४ मध्ये प्रांतातील न्यायालयाने शहराचा अर्ज फेटाळला.

टोरंटोत ताजा वाद सायकलमार्गांचा आहे. ब्लूर, यंग आणि युनिव्हर्सिटी या रस्त्यांवरचे महापालिकेने केलेले मार्ग उखडण्याचा कायदा प्रांताने नोव्हेंबर २०२४ मध्ये केला. वाहनांची एक मार्गिका घेणाऱ्या नव्या सायकलमार्गासाठी प्रांताची परवानगीही सक्तीची झाली. या वेळी न्यायालयात गेली ती सायकलस्वारांची संघटना. ३० जुलै २०२५ रोजी न्यायमूर्ती पॉल शाबास यांनी हे मार्ग काढणे घटनाबाह्य ठरवले. त्याने कोंडी कमी होईल असा पुरावा नाही आणि सायकलस्वारांच्या जिवाला मात्र धोका वाढतो, म्हणून सनदेच्या सातव्या कलमाचा, जीवित आणि सुरक्षेच्या हक्काचा, भंग होतो, असा तो निकाल होता. महापालिकेचा अधिकार त्यात तपासला गेला नाही. मार्ग वाचले ते त्यावरून जाणाऱ्या माणसांच्या जिवाच्या हक्कावर. प्रांताने या निकालाविरुद्ध अपिलात जाण्याचे लगेच जाहीर केले.