ट्रस्टची शिष्यवृत्ती आणि मोफत प्रशिक्षण: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांसाठी कागदपत्रांची माहिती

आधी एक फरक लक्षात घ्या, कारण आमच्याकडे अर्ज भरायला येणाऱ्या दहांपैकी सहा-सात पालकांचा इथेच घोळ होतो. सरकारी स्कॉलरशिप आणि ट्रस्टची शिष्यवृत्ती या दोन वेगळ्या वाटा आहेत. सरकारी स्कॉलरशिप कर्नाटक सरकारच्या एसएसपी पोर्टलवरून (स्टेट स्कॉलरशिप पोर्टल) येते. तिथे निकषात बसलात आणि कागद बरोबर असले की पैसे खात्यावर जमा व्हायला हवेत, तो हक्क आहे. ट्रस्ट म्हणजे कुणीतरी स्वतःच्या पैशांतून केलेली मदत. तिथे निकषात बसणं ही फक्त पहिली पायरी. त्यातून पुढे ते निवडतात, कधी गुणांवर, कधी परीक्षा आणि मुलाखतीवर, कधी घरची स्थिती बघून. ‘आम्ही बसतोय की, मग पैसे का नाही आले?’ असं ट्रस्टला विचारता येत नाही. पण अपुऱ्या कागदामुळे अर्ज बाजूला पडला तर तो दोष टाळता येण्यासारखा असतो, आणि आमच्या भागात बहुतेक अर्ज तिथेच अडकतात.

मी खानापूर तालुक्यात गावातल्या मुलांचे अर्ज भरून देतो. फी घेत नाही, म्हणून गर्दीही असते. त्या अनुभवावरून लिहितोय.

कोणाकडे काय मिळतं

अकरावी-बारावीसाठी, म्हणजे आपल्याकडच्या पीयूसीसाठी, ‘विद्याधन’ सगळ्यांत उपयोगी. सरोजिनी दामोदरन फाउंडेशनची ही शिष्यवृत्ती १९९९ पासून चालू आहे. कर्नाटकात त्याच वर्षी दहावी पास झालेल्या मुलांसाठी अट अशी: घरचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत आणि दहावीला ९० टक्के. आपल्या एसएसएलसीचे एकूण गुण ६२५, म्हणजे ५६३ तरी हवेत. दिव्यांग मुलांना ७५ टक्के पुरतात. निवड झाल्यावर वर्षाला १०,००० रुपये, दोन वर्षं. चांगला अभ्यास ठेवला तर पुढच्या शिक्षणासाठीही मदत चालू राहते. त्यांच्याकडे कागद मोजकेच लागतात: दहावीची गुणपत्रिका, फोटो आणि तहसीलदारांच्या सहीचा उत्पन्नाचा दाखला. रेशनकार्ड उत्पन्नाचा पुरावा म्हणून चालत नाही. बीपीएल कार्ड हातात आहे म्हणून दाखला न काढणारे इथेच मार खातात.

मुलींसाठी अझीम प्रेमजी फाउंडेशनची शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ३०,००० रुपये, अभ्यासक्रम संपेपर्यंत. कर्नाटकात ती २०२५ पासून आली, आणि त्या वर्षी पहिली फेरी सप्टेंबरात होती. दहावी आणि बारावी दोन्ही सरकारी शाळा-कॉलेजातून नियमित विद्यार्थिनी म्हणून पास आणि आता पदवी किंवा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला प्रवेश, ही मुख्य अट. इथे आपल्या भागातली एक खोच आहे. गावची मराठी प्राथमिक शाळा सरकारी असते, पण हायस्कूल बऱ्याचदा एखाद्या शिक्षण संस्थेचं, अनुदानित. मास्तरांचा पगार सरकार देतं म्हणून पालक तिला ‘सरकारी’च म्हणतात. अर्जात शाळेचा प्रकार लिहिताना मुख्याध्यापकांना विचारूनच लिहा. चुकीचं लिहिलं आणि नंतर तपासणीत सापडलं तर निवड झालेलीही रद्द होते.

धर्मस्थळ संघ, म्हणजे धर्मस्थळाच्या ग्रामाभिवृद्धी योजनेचे बचत गट, तर आता घराघरात आहे. आया-बहिणी दर आठवड्याला हप्ता भरतात, पण त्याच योजनेत ‘सुज्ञाननिधी’ नावाची शिष्यवृत्ती आहे हे कित्येकींना ठाऊक नसतं. संघाच्या सभासदांची मुलं व्यावसायिक शिक्षण घेत असतील तर त्यांच्यासाठी ती आहे. त्यासाठी आपल्या संघाच्या सेवाप्रतिनिधीकडेच विचारा, बाहेरच्या माणसाला त्यात काही करता येत नाही. हप्ते थकलेले असतील तर आधी ते मिटवा, हे वेगळं सांगायला नको.

शिक्षण सुटलेल्या पोरांसाठी वाट वेगळी. धर्मस्थळाचा शिक्षण ट्रस्ट, सिंडिकेट बँक आणि कॅनरा बँक यांनी मिळून १९८२ साली उजिरे इथे रुडसेटी ही प्रशिक्षण संस्था काढली. ती चाल इतकी जमली की पुढे केंद्र सरकारने तोच नमुना घेऊन देशभर जिल्ह्याजिल्ह्यात आरसेटी, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, उभ्या केल्या. वय साधारण १८ ते ४५, ग्रामीण भागातला, गरीब घरातला असावा. शिकवणं, राहणं, जेवण सगळं मोफत. शिवणकाम, दुभती जनावरं, मोबाइल रिपेअरी, मोटर रिवाइंडिंग, ब्यूटी पार्लर असे थोड्या दिवसांचे कोर्स असतात, आणि नंतर दोन वर्षं ते तुमच्या धंद्याची विचारपूस करतात, बँकेच्या कर्जासाठीही मदत होते. मात्र हे स्वतःचा धंदा काढणाऱ्यांसाठी आहे. ज्याला उद्यमबागेत किंवा मच्छे, होनग्याच्या कारखान्यात नोकरी हवी आहे त्याने इथे तीस दिवस घालवू नयेत. त्याने आयटीआय किंवा बेळगावच्या जीटीटीसीचा (सरकारी टूल रूम व प्रशिक्षण केंद्र) टूल अँड डाय मेकिंगसारखा डिप्लोमा बघावा आणि तिथल्या फीसाठी ट्रस्टकडे अर्ज करावा. बेळगावात फाउंड्री आणि मशीन शॉप आहेत तोवर हाताला काम येणारा मुलगा रिकामा बसत नाही. हे माझं मत आहे, पण गावातली उदाहरणं बघूनच झालंय.

आरसेटीत शिकवणं बहुतेक कन्नडमध्ये चालतं. आपली पोरं बोलायला कन्नड बोलतात, लिहायला अडखळतात. जाण्याआधी फोन करून विचारा, आणि शक्य असेल तर गावातून दोघं-तिघं मिळून जा. एकटा मुलगा तिसऱ्या दिवशी पिशवी घेऊन परत येतो, असं मी दोनदा बघितलंय.

उत्पन्नाचा दाखला: सगळं इथून सुरू होतं

दाखला नाडकचेरीतून, म्हणजे होबळीच्या (तालुक्यातल्या काही गावांच्या गटाच्या) महसूल कार्यालयातून मिळतो. अर्ज आपल्या होबळीच्या नाडकचेरीत, ‘ग्राम-वन’ (Grama One) सेवा केंद्रात किंवा पंचायतीतल्या बापूजी सेवा केंद्रात करता येतो. आधार आणि रेशनकार्डाची झेरॉक्स न्या, शेती असेल तर उतारा न्या. अर्ज झाला की पावती घ्या. सकाल कायद्याखालची, म्हणजे ठरलेल्या मुदतीत द्यायची ही सेवा असल्याने पावतीवर जीएससी नंबर असतो, त्यावरून अर्ज कुठे अडकलाय ते कळतं. मधे तलाठी आणि सर्कल चौकशी करतात. तलाठी गावात कधी येतो ते विचारून त्याला गाठलात तर काम लवकर होतं, घरी बसून वाट बघितली तर महिना जातो.

दाखल्यावर आरडी अक्षरांनी सुरू होणारा नंबर असतो. पुढे एसएसपीवर असो की ट्रस्टच्या अर्जात, हाच नंबर पुन्हा पुन्हा लागतो. दाखला पाच वर्षं चालतो. म्हणून माझं सांगणं असं, की मूल आठवी-नववीत असतानाच तो काढून ठेवा. मे महिन्यात दहावीचा निकाल लागला की अख्खा तालुका एकाच दिवशी नाडकचेरीच्या दारात उभा राहतो.

रक्कम किती लिहून घ्यायची यावर दर वर्षी वाद होतो. खरं तेच सांगा. गोव्यात किंवा कारखान्यात पगारावर असणाऱ्याने बारा हजारांचा दाखला काढला आणि ट्रस्टच्या माणसाने घरभेटीत पगाराची स्लिप मागितली, तर मुलाचं नाव कायमचं काळ्या यादीत जातं. एकत्र कुटुंबाची अडचण खरी आहे. उतारा आजोबांच्या नावावर, चार भावांची शेती एकाच सर्व्हे नंबरात, त्यामुळे कागदावर घर श्रीमंत दिसतं. तिथे तलाठ्याला घरातली वाटणी आणि आपला हिस्सा नीट सांगा, रेशनकार्ड वेगळं असेल तर ते दाखवा.

नावातला ‘एच’

पदवीच्या पहिल्या वर्षाची एक मुलगी, नाव ज्योती. आधारवर इंग्रजीत शेवटी टी-आय, एसएसएलसीच्या गुणपत्रिकेवर टी-एच-आय, कारण कन्नड पद्धतीने इंग्रजी लिहिताना ‘त’ला ‘एच’ लागतो. वडील एका कागदावर मारुती, दुसऱ्यावर मारुथी. बँकेत आईच्या जॉइंट खात्यावर आईचं माहेरचं नाव. तिन्ही कागद खरे, पण ट्रस्टच्या कार्यालयात बसलेल्या माणसाला या तीन वेगळ्या मुली वाटल्या. अर्ज परत आला तेव्हा मुदत संपून चार दिवस झाले होते.

हे टाळायचं असेल तर नववी-दहावीत लक्ष द्या. एसएसएलसी परीक्षेची नोंदणी करताना शाळा नावांची यादी तयार करते, त्या वेळी आधार घेऊन शाळेत जा आणि स्वतः अक्षर अक्षर तपासा. एकदा गुणपत्रिका छापून आली की दुरुस्ती शाळेमार्फत बोर्डाकडे जाते, त्यात महिने मोडतात. त्यापेक्षा आधार गुणपत्रिकेप्रमाणे करून घेणं सोपं. तेवढाही वेळ नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं नोटरीचं प्रतिज्ञापत्र जोडा. बहुतेक ट्रस्ट ते मानतात, पण अर्जासोबतच द्यायचं, मागितल्यावर नव्हे.

बँकेचं खातं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर असू द्या आणि पासबुक ताजं छापून घ्या. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरात विलीन झाली. जुन्या पासबुकावरचे एसवायएनबीने सुरू होणारे आयएफएससी कोड १ जुलै २०२१ पासून बंद आहेत, तरी आजही तेच पासबुक घेऊन लोक येतात. आपल्या खेड्यांत जिची शाखा हमखास असायची ती कर्नाटक विकास ग्रामीण बँकही १ मे २०२५ पासून कर्नाटक ग्रामीण बँकेत गेली. तिथे खातं असेल तर शाखेत जाऊन नवं पासबुक आणि त्यावरचा कोड बघून घ्या. एसएसपीसाठी खात्याला आधार सीडिंगही, म्हणजे आधार नंबर जोडलेला असणं, लागतं, ते त्याच खेपेत करून टाका.

पलीकडचे ट्रस्ट

कोल्हापूर, पुणे, मुंबईच्या ट्रस्टच्या जाहिराती व्हॉट्सअॅपवर फिरतात. मराठी वाचून आपल्याला वाटतं, हे आपल्यासाठीच. शेवटची ओळ वाचा: ‘महाराष्ट्राचा अधिवासी असावा’. आपण सीमाभागातले मराठी भाषिक असलो तरी तहसील कार्यालय आपलं खानापूर किंवा निपाणी आहे. महाराष्ट्र सरकार सीमावादातल्या ८६५ गावांना काही सवलती देतं, तिकडच्या इंजिनिअरिंग प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळी तरतूदही आहे. पण ही सरकारी सवलत खाजगी ट्रस्टवर बंधनकारक नाही. अधिवासाची अट असेल तर त्यांना आधी पत्र किंवा मेल टाकून विचारा, अर्जाची फाइल नंतर पाठवा. आणि ‘चालेल’ म्हणाले तर पुढची अडचण अशी की आपला दाखला कन्नडमध्ये असतो. त्याचं मराठी किंवा इंग्रजी भाषांतर करून नोटरीकडून साक्षांकित करून सोबत लावा. मूळ कन्नड दाखला मात्र काढू नका, दोन्ही एकत्र द्यायचे.

खोटे ओळखायचे कसे

विद्याधनसारखे मोठे ट्रस्ट अर्जाला एक पैसा घेत नाहीत. ‘प्रोसेसिंग फी’ म्हणून पाचशे रुपये मागितले, ओटीपी मागितला, किंवा ‘नोकरीची हमी’ देऊन कोर्सचे पैसे आधी मागितले, की फोन ठेवा. संस्था नवी वाटली तर एनजीओ दर्पण या संस्थांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर तिचं नाव शोधा. तिथे नाव नाही म्हणजे खोटीच असं नाही, पण पैसे किंवा आधारची झेरॉक्स देण्याआधी आणखी चौकशी करायला तेवढं कारण पुरेसं आहे.

अर्ज भरताना

मुलाच्या स्वतःच्या नावाने ई-मेल काढा आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा. परीक्षेचं, मुलाखतीचं बोलावणं त्याच मेलवर येतं. सायबर कॅफेवाल्याने आपलाच मेल टाकलेला असतो आणि मग निवडीची बातमी त्याच्या इनबॉक्समध्ये कुजते. मोबाइल नंबरही घरातल्या माणसाचा द्या. जांबोटी, कणकुंबीकडे रेंज नसते, तेव्हा दुसरा नंबर म्हणून शाळेतल्या एखाद्या शिक्षकाचा, त्यांना विचारून, देता आला तर बरं.

घरच्या परिस्थितीबद्दल लिहायला सांगतात तिथे ‘आमची परिस्थिती अत्यंत हलाखीची आहे’ एवढं लिहून थांबू नका. आई किती दिवस बिडी वळते, बाबा ऊसतोडीला किती महिने जातात, कॉलेजला जायला रोज किती किलोमीटर आणि किती बसभाडं, हे आकड्यांत लिहा. वाचणाऱ्याने आपलं गाव बघितलेलं नसतं. मुलाखत मराठीत देता येईल का, हे आधी विचारायला लाजू नका.

दुसरी मदत मिळत असेल तर लपवू नका. लेबर कार्डावरची (बांधकाम कामगारांच्या ओळखपत्रावरची) मदत, एसएसपीची रक्कम, जे असेल ते लिहा. काही ट्रस्टना त्याची हरकत नसते, काहींना असते, पण लपवलेलं सापडलं तर सगळ्यांनाच हरकत असते.

निवड झाल्यावरही काम उरतं. दर वर्षी गुणपत्रिका आणि बोनाफाइड पाठवून नूतनीकरण करावं लागतं, आणि पहिल्या वर्षाचे पैसे आले की घरात सगळे निर्धास्त होतात. निकाल लागला त्याच आठवड्यात ते पाठवा. फाइल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि तिची एक पूर्ण झेरॉक्स शाळेत नाहीतर बेळगावातल्या नातेवाइकाकडे असू द्या. आमच्याकडच्या पावसात गेल्या आषाढात एका घरातल्या कागदांना बुरशी चढली आणि गुणपत्रिकेवरचा शिक्का ओळखू येईना.